'रिमेन इन लाइट' थंड का वाटतो, आणि लाइव्ह रेकॉर्डिंग्ज कशी ऐकावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा 'रिमेन इन लाइट' हा न्यू वेव्हमधला, म्हणजे पंकनंतरच्या रॉकमधला, मोठा अल्बम म्हणून ऐकला, पण तो थंड, यंत्रासारखा वाटला. त्यातलीच दोन गाणी 'स्टॉप मेकिंग सेन्स' या त्यांच्या स्टेज कार्यक्रमाच्या चित्रपटात पाहिली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. मग मूळ अल्बम बाजूला ठेवून लाइव्हच ऐकावं का, आणि ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की लहानपणी काही वर्षं तबला शिकलात. ते चांगलं झालं, कारण या अल्बमसाठी तुमचं तेच शिक्षण सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

मी कार्यक्रमांमध्ये साउंडचं काम करतो. पुण्या-मुंबईत बँड, फ्युजन, अधूनमधून शास्त्रीय मैफली यांचा मिक्सर सांभाळतो. नवीन हॉलमध्ये स्पीकर लावून झाले की मी हमखास 'बॉर्न अंडर पंचेस' वाजवून बघतो. त्यात बास, ड्रम, पर्कशन, गिटारचे छोटे तुकडे आणि आवाजांचे थर इतके गुंतलेले आहेत की हॉलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी घुमतेय आणि कुठली गिळली जातेय ते लगेच कळतं. त्यामुळे या अल्बमशी माझं नातं कानाचं आहे तसंच कामाचंही आहे.

मला वाटतं, 'अल्बम की लाइव्ह' ही तुमची खरी अडचण नाही. अल्बम ऐकताना गाणं पुढे कुठे सरकतंय, कोण कोणाला ढकलतंय, हे तुम्हाला सापडत नाहीये. पडद्यावर ते दिसलं म्हणून सापडलं. लाइव्ह रेकॉर्डिंगचा खरा उपयोग इथेच आहे. ती ऐकून परत मूळ अल्बमकडे आलं की तोच अल्बम वेगळा ऐकू येतो. आत वाजतंय काय, हे आता माहीत असतं.

पण त्याआधी एक विचारतो. तुम्ही अल्बम कशावर ऐकलात? फोनच्या स्पीकरवर किंवा लॅपटॉपवर ऐकला असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर त्याच्या जवळपासही पोचत नाही. बास 'आहे' एवढं वरच्या अंशस्वरांवरून (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वरांवरून) कानाला समजतं, पण त्याचा धक्का लागत नाही. बहुतेक रॉक गाण्यांत हे खपून जातं, कारण कॉर्ड बदलत राहतात आणि चाल कानाला पुढे नेते. 'रिमेन इन लाइट'च्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मात्र जवळपास एकाच कॉर्डवर उभी आहेत. तिथे बास गेला की खाली काहीच उरत नाही. वर टिकटिक, चिवचिव आणि तुटक बोलणारा माणूस तेवढा ऐकू येतो. असा अल्बम थंड वाटणारच. साधे पण नीट कानात बसणारे वायरचे हेडफोन लावा, किंवा ओळखीतल्या कोणाकडे बऱ्यापैकी मोठे स्पीकर असतील तर तिथे जा. आवाजही थोडा वाढवा, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर आणखीच कमी ऐकू येतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही 'स्टॉप मेकिंग सेन्स' ऐकला नाहीत, पाहिलात. डोळ्यांना कोण काय वाजवतंय ते दिसलं की कान ते वाद्य आपोआप वेगळं काढतो. एकदा तीच गाणी पडद्याकडे पाठ करून ऐका. काटा तेवढाच आला तर फरक खरोखर वाजवण्यात आहे. कमी आला तर तुम्हाला जो आधार मिळाला त्यात चित्राचा वाटा मोठा होता. दोन्ही ठीकच आहे, फक्त पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

आता अल्बम कसा झाला ते बघू. 1980 च्या जुलै-ऑगस्टमध्ये ही मंडळी बहामातल्या नासाऊच्या कम्पास पॉइंट स्टुडिओत जमली: गायक आणि गिटारवादक डेव्हिड बर्न, बासवर टिना वेमाउथ, ड्रमवर ख्रिस फ्रान्ट्झ, कीबोर्ड आणि गिटारवर जेरी हॅरिसन, आणि निर्माता ब्रायन ईनो. गाणी लिहून आणलेली नव्हती. छोटे तुकडे घ्यायचे आणि तेच तेच वाजवत राहायचं, एकावर एक थर चढवायचे. नायजेरियाच्या फेला कुटीचं आफ्रोबीट, म्हणजे आफ्रिकी ठेके आणि फंक यांचं मिश्रण, त्यांच्या कानात होतं. आज असा तुकडा संगणकात एकदा कापला की हजार वेळा चिकटवता येतो. इथे माणसं तो मिनिटंच्या मिनिटं हातांनी वाजवत होती. म्हणून तो यंत्रासारखा वाटला तरी यंत्र नाही. बारीक ऐकलंत तर प्रत्येक फेरीत केसाएवढा फरक आहे.

मग गाणं बनलं कुठे? मिक्सिंगच्या टेबलावर. सगळे थर टेपवर सतत चालू आहेत. कुठला फेडर (थराचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर घ्यायचा, कुठला खाली, यातून अंतरा आणि ध्रुवपद तयार झालं. शब्द आणि गाणं बरंचसं नंतर, न्यूयॉर्कच्या सिग्मा साउंड स्टुडिओत चढवलं गेलं. ही कामाची पद्धत कळली की 'थंडपणा' कुठून येतो तेही कळतं. आपल्याला सवय असते ती वादकांनी मिळून जोर वाढवण्याची. इथे जोर वाढतो तो कोणीतरी दार उघडल्यावर आत आधीपासून चाललेला गोंगाट बाहेर यावा तसा. वाजवणाऱ्याने काही बदललेलं नाही, आपल्याला फक्त जास्त ऐकू आलंय.

तबल्याच्या भाषेत सांगतो. सोलोला लेहरा धरलेला असतो. हार्मोनियमवाला तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन वाजवतो, आणि त्या स्थिर ओळीमुळेच तबल्याची करामत कळते. 'रिमेन इन लाइट'मध्ये जवळपास प्रत्येक वाद्य लेहरा धरून बसलंय. एखादा अपवाद सोडला तर कोणी एक जण पुढे येऊन सोलो करत नाही, म्हणून 'मुख्य' काय ते तुमचा कान शोधत राहतो आणि दमतो. शोधणं सोडा. एक लेहरा निवडा, शक्यतो बासचा, त्याला धरून बसा आणि बाकीचे त्याच्याभोवती येऊ द्या.

स्टेजवर हे वाजवायचं तर अडचण उघड आहे. चौघांना आठ-दहा थर कसे जमणार? म्हणून त्यांनी बँड मोठा केला. गिटारवर एड्रियन बेलू, कीबोर्डवर पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचे बर्नी वॉरेल, दुसऱ्या बासवर बस्टा जोन्स, पर्कशनवर स्टीव्ह स्केल्स, गायला डोलेट मॅकडॉनल्ड. सुरुवातीच्या कार्यक्रमांत नोना हेन्ड्रिक्सही होत्या. ही फौज पहिल्यांदा लोकांसमोर आली 23 ऑगस्ट 1980 ला, कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये हीटवेव्ह महोत्सवात, आणि चारच दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. अल्बम बाजारात आला 8 ऑक्टोबरला. म्हणजे लोकांनी ही गाणी तबकडीच्या आधी मैदानात ऐकली. म्हणून 1980 चं लाइव्ह मला मूळ गाण्याची नंतर काढलेली आवृत्ती वाटत नाही. दोन्ही एकाच उन्हाळ्यातली आहेत.

आता तुमच्या कामाचा भाग. टेपवर फेडर जे करत होता ते स्टेजवर माणसांना करावं लागतं. कोणीतरी थांबायला हवं, कोणीतरी हळू वाजवायला हवं, कोणीतरी नजरेने खूण करायला हवी. हॉलमधला मिक्सरवाला मदत करतो, पण नऊ माणसं एकमेकांवर चढली तर त्याच्याही हाताबाहेर जातं. आमच्या कामात मोठ्या बँडला सांगायची पहिली गोष्ट हीच असते: तुम्ही कमी वाजवा, मी ऐकवतो. हे या बँडला किती जमलं होतं ते बघायचं तर डिसेंबर 1980 चा रोमचा कार्यक्रम बघा. इटलीच्या सरकारी दूरदर्शनने, म्हणजे राईने, तो चित्रित केला. माझा सल्ला, सुरुवात तिथूनच करा.

त्यातलं 'द ग्रेट कर्व्ह' घ्या. अल्बमवर ते साडेसहा मिनिटांच्या आतबाहेर आहे आणि त्यात गाण्याचे वेगवेगळे पदर एकमेकांत विणलेले आहेत. अल्बमवर ते इतके सारखे, गुळगुळीत बसलेत की एक मोठा समूह गातोय असं वाटतं. रोममध्ये मॅकडॉनल्डच्या जोडीला वादकही गातात. आवाजांचा पोत वेगळा, श्वास वेगळे, त्यामुळे प्रत्येक पदर कुठे सुरू होतो आणि दुसऱ्याच्या पोटात कुठे शिरतो ते स्पष्ट कळतं. पहिल्यांदा ऐकताना फक्त गाणारे आवाज धरा. दुसऱ्यांदा फक्त स्केल्सचं पर्कशन आणि फ्रान्ट्झचा ड्रम. फ्रान्ट्झ किती साधा वाजवतो ते बघा. फिरत्या कसरती नाहीत, मधेच फोडलेले रोल नाहीत. एवढ्या गर्दीत कोणीतरी सरळ चालणारा लागतो, आणि ती जबाबदारी त्याने घेतलीय.

मग तिसऱ्यांदा बेलूची गिटार. तो ट्रेमोलोचा, म्हणजे तारांचा ताण बदलणारा, दांडा दाबून, खेचून तारांचा सूर असा वाकवतो की गिटार ओरडतेय की एखादं जनावर, ते कळेनासं होतं. अल्बमवरही त्याच्या सोलोमुळेच ते गाणं फाटतं, पण तिथे सोलो मिक्समध्ये मोजून बसवलेला आहे. रोममध्ये त्याच्या मागे आठ जण आपापला लेहरा न सोडता वाजवतायत आणि हा त्यांच्या डोक्यावरून आडवातिडवा जातोय. खालचं स्थिर नसतं तर वरचं वेड निव्वळ गोंगाट झालं असतं. हे ऐकून लगेच, त्याच बैठकीत, अल्बममधला 'द ग्रेट कर्व्ह' लावा. मध्ये दुसरं काही ऐकू नका.

एक तांत्रिक काळजी घ्या. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठं वाजणारं रेकॉर्डिंग आपल्याला 'जास्त जिवंत' वाटतं, आणि दोष बिचाऱ्या दुसऱ्यावर जातो. वेगवेगळ्या काळातली मास्टरिंग्ज (प्रकाशनाआधी आवाजावर केलेलं शेवटचं काम) शेजारी लावली की हे हमखास होतं. विशेषतः 'स्टॉप मेकिंग सेन्स'चं 2023 चं पुनर्प्रकाशन आणि मूळ अल्बमची जुनी सीडी अशी जोडी असेल तर आवाजाची कळ हातात ठेवूनच बसा.

यानंतर 'द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स'. 1982 ला आलेला हा दुहेरी लाइव्ह अल्बम. पहिल्या तबकडीवर 1977 ते 1979 मधले फक्त चौघे, दुसरीवर 1980-81 ची मोठी फौज. माझ्या मते या बँडबद्दलची सगळ्यात शिकवणारी वस्तू ही आहे, कारण तोच बँड किती रोडका होता आणि किती भरला, हे शेजारी शेजारी ऐकू येतं. चौघांच्या बाजूवर गिटारच्या तारा चिडलेल्या, बर्नचा आवाज ताणलेला, आणि वेमाउथचा बास एकटा सगळा भार पेलतोय. पुढे फौज आली तरी गाणी त्याच बासवर का उभी राहतात, ते इथे कळतं. मूळ तबकडीवर 'रिमेन इन लाइट'मधली तीन गाणी आहेत: 'हाउसेस इन मोशन', 'द ग्रेट कर्व्ह' आणि 'क्रॉसआइड अँड पेनलेस'. 2004 मध्ये तो प्रथमच सीडीवर आला, तेव्हा बरीच गाणी वाढवली. घ्यायचाच असेल तर ती वाढीव आवृत्ती घ्या.

'हाउसेस इन मोशन'मध्ये एक गोष्ट मुद्दाम ऐका. अल्बमवर जॉन हॅसेल यांचा ट्रम्पेट आहे, यंत्रांतून गाळून असा केलेला की तो तोंडाने वाजवलेला आहे यावर विश्वास बसत नाही. योगायोग असा की हॅसेल काही काळ पंडित प्राणनाथ यांच्याकडे किराणा घराण्याचं गाणं शिकले होते, आणि मींडेची ओढ त्यांच्या फुंकरीत उतरली. गाणं ऐकणाऱ्या आपल्या माणसाला ती जागा ओळखीची वाटते. स्टेजवर हा ट्रम्पेट नाही. ती पोकळी बाकीचे भरतात, गाणं टणक आणि रस्त्यावरचं होतं. मला इथे अल्बम जास्त आवडतो, अगदी निःशंकपणे. लाइव्ह नेहमीच वरचढ असतं असं नाही, याचा हा चांगला पुरावा.

आता तुमचं लाडकं 'स्टॉप मेकिंग सेन्स'. जोनाथन डेमी यांनी तो हॉलिवूडच्या पँटाजेस थिएटरमध्ये डिसेंबर 1983 मध्ये चित्रित केला, एकाहून जास्त रात्रींत. म्हणजे तुम्ही पाहिलेला 'एक कार्यक्रम' निवडून सांधलेला आहे. यात कमीपणा काही नाही, पण 'लाइव्ह म्हणजे कच्चं आणि खरं, अल्बम म्हणजे बनवलेला' ही विभागणी टिकत नाही. शिवाय तोवर तीन वर्षं उलटली होती. बेलू नव्हता, गिटारवर अलेक्स वीअर होता, गायला लिन मॅब्री आणि एडना होल्ट. गाणी पायात मुरली होती. रोमच्या कार्यक्रमात शोध चालू आहे, इथे सगळ्यांना घर माहीत आहे.

'वन्स इन अ लाइफटाइम' यात ऐकलंत आणि हललात, बरोबर? मग अल्बमवर ते पुन्हा ऐका आणि टाळी धरायचा प्रयत्न करा. समेवर शंका येईल. कारण खरोखर तिथे घोळ आहे: ईनोने ते आवर्तन ऐकताना सम बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मात्रेवर धरली, आणि तो फरक पुसण्याऐवजी त्यांनी ठेवला. म्हणून गाणं पायाखाली डुलतं. ते पाण्यासारखं बुडबुडणारं सिंथेसायझर हॅरिसनचं. शेवटाकडे चढत येणारा ऑर्गनही त्याचाच, आणि तो त्याने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या आधीच्या काळातल्या रॉक बँडच्या एका गाण्यावरून घेतला. स्टेजवर फ्रान्ट्झ सम ठाम करून टाकतो. तीन हजार लोकांना नाचवायचं तर तेच योग्य. पण त्यात डोलणं गेलं. गाण्यातला माणूस रेडिओवरच्या धर्मोपदेशकासारखा ओरडून विचारतोय की आपण इथे येऊन पोचलो कसे. त्याच्या पायाखालची जमीन हलती असणं मला अर्थाच्या जास्त जवळचं वाटतं. तुम्हाला समेचा सराव आहे. दोन्ही रूपांत बोट ठेवून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

'क्रॉसआइड अँड पेनलेस' मात्र मी लाइव्हच्या पारड्यात टाकतो. चित्रपटात ते शेवटी येतं. आधी संथ, जवळजवळ ताटकळत, आणि मग एकदम सुटतं. अल्बमवर ते पहिल्या क्षणापासून धावत असतं, त्यामुळे वेग जाणवायला तुलनाच नसते. 1984 च्या मूळ साउंडट्रॅकवर हे गाणं नव्हतं, नंतरच्या वाढीव आवृत्तीत आलं, एवढं लक्षात ठेवून शोधा.

दुसऱ्यांनी वाजवलेलंही ऐकायचं असेल तर दोन सुचवतो. अमेरिकेच्या फिश या बँडने 1996 च्या हॅलोविनला अटलांटात अख्खा अल्बम क्रमाने स्टेजवर वाजवला. आणि बेनिनच्या अँजेलिक किजो यांनी 2018 मध्ये अख्खा अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला. त्यात फेला कुटींचा ड्रमर टोनी अ‍ॅलन वाजवतो. ज्या संगीतातून ही मंडळी शिकली त्याच घरातला माणूस. किजो यांनी 'वन्स इन अ लाइफटाइम' पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच त्यांना ते आफ्रिकेचं वाटलं होतं. त्यांचं ऐकलं की मूळ अल्बममधला ठेका किती उघडा होऊन समोर येतो ते बघा.

क्रम एका ओळीत हवा असेल तर: रोमचा 'द ग्रेट कर्व्ह', लगेच अल्बममधला, मग 'द नेम ऑफ धिस बँड'च्या दोन्ही तबकड्या, मग 'स्टॉप मेकिंग सेन्स', आणि वाटलं तर किजो.

एक जागा मात्र या सगळ्यातून सुटते. अल्बमच्या दुसऱ्या बाजूची शेवटची तीन गाणी, 'सीन अँड नॉट सीन', 'लिसनिंग विंड' आणि 'द ओव्हरलोड', वर सांगितलेल्या बँडच्या तिन्ही लाइव्ह रेकॉर्डिंग्जमध्ये नाहीत. पहिलं जवळजवळ बोललेलं आहे, शेवटचं घट्ट डांबरासारखं सरकतं. गर्दीसमोर उभी राहणारी गाणी ती नव्हेतच. लाइव्हवर अल्बमची परीक्षा केली तर हा सगळा उतार तुमच्या नजरेतून निसटेल, आणि अल्बम पहिल्या बाजूच्या गर्दीकडून या एकटेपणाकडे जातो हे कळणारच नाही. म्हणून ही तीन गाणी रात्री, हेडफोनवर, सलग ऐका, आणि आधीची पाचही त्याच बैठकीत झालेली असू द्या. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांचाच आहे.

एवढं करूनही तो थंडच वाटला तर ती तुमची आवड, तिच्याशी वाद नाही. पण आधी कशावर ऐकता ते कळवा. हेडफोनचं किंवा स्पीकरचं मॉडेल लिहिलंत तर त्यात बास कुठवर पोचतो ते सांगेन.